फुकटाचा जमाखर्च



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावाखाली 'संगणक अभ्यासक' असं छापलं आहे. छापणाऱ्यांचा मान राखून सांगतो, मी हिशोबतपासनीस आहे. गिरगावात कार्यालय, आणि अशिलांत कंपन्यांपेक्षा धर्मादाय संस्था जास्त. वाचनालयं, शाळा, ज्ञातिसंस्था, दोन-तीन उत्सव मंडळं. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती उलटण्यात माझी हयात गेली. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो तेही एका वाचनालयाचे खजिनदार होते, तेव्हा आजचा विषय त्यांना परका वाटला नसता. जे सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही, जे कुणालाही फुकट मिळतं, ते लोकांच्या देणग्यांवर चालू शकतं का? आणि चालवायचं तर कसं?

आधी वस्तू काय ते थोडक्यात. सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी मजकूरच. माणसाने लिहायचा, यंत्राने पाळायचा. पुष्कळ कंपन्या तो मजकूर कुलुपात ठेवतात आणि वापरायचा परवाना विकतात. दुसरा एक पंथ तो मजकूर उघडा ठेवतो: वाचा, बदला, वाटा. यालाच ओपन सोर्स किंवा मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. (या दोन नावांत तात्त्विक फरक आहे आणि त्यावरून हमरीतुमरीवर येणारी माणसं या सभागृहातही असतील. त्यांनी आजच्या दिवस मला सांभाळून घ्यावं.) हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतलं. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या तळाशी तेच आहे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे. ते आपण कुणी विकत घेतलेलं नाही.

किंमत शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे, हे आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात. वस्तूची किंमत शून्य दिसली की माझ्यासारखा माणूस विचारतो, मग हा खर्च कुणाच्या वहीत पडला?

७ एप्रिल २०१४ रोजी या प्रश्नाचं उत्तर साऱ्या जगाला एकदम मिळालं. त्या दिवशी ओपनएसएसएल नावाच्या सॉफ्टवेअरमधली एक चूक जाहीर झाली. बँकेच्या संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसतं ना, त्यामागचं गुप्ततेचं काम जगभरच्या असंख्य सर्व्हरवर हे सॉफ्टवेअर करत होतं. चुकीचं नाव पडलं हार्टब्लीड. तिच्यातून पासवर्ड, गुप्त किल्ल्या, काय हाती लागेल ते सर्व्हरच्या स्मृतीतून बाहेर काढता येत होतं आणि काढणाऱ्याची खूणही मागे राहत नव्हती. दोन वर्षं ती चूक तशीच पडून होती. मग लोक विचारू लागले, हे सांभाळतं कोण? पूर्णवेळ माणूस एक, बाकी फावल्या वेळात राबणारी मंडळी, आणि देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर. त्या वेळच्या दराने सव्वा लाख रुपयेसुद्धा नाहीत.

पुढची तारीख मला जास्त बोलकी वाटते. २४ एप्रिल. अवघ्या सतरा दिवसांत जगातल्या मोठमोठ्या कंपन्या लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली एकत्र आल्या आणि प्रत्येकीने वर्षाला किमान १ लाख डॉलर, तेही तीन वर्षं, द्यायचं कबूल केलं. म्हणजे पैसा होता. मागायला कुणी गेलं नव्हतं, आणि न मागता देण्याची कुणाला सवय नव्हती.

ग्नूपीजीची हकिकत याच जातीची. पत्रव्यवहार कूटबद्ध करणारं हे सॉफ्टवेअर जर्मनीतला वेर्नर कोख हा एक गृहस्थ १९९७ पासून जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. पैसे संपत आले, काम सोडायचा विचार मनात आला. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका अमेरिकी वृत्तसंस्थेने त्याची परवड छापली, आणि वर्षभराच्या खर्चासाठी हवी असलेली रक्कम एका दिवसात गोळा झाली. फेसबुक आणि स्ट्राइप या कंपन्यांनी दरसाल प्रत्येकी ५०,००० डॉलर कबूल केले. वाचून आनंद वाटतो. पण मी हिशोबतपासनीस असल्यामुळे माझ्या मनात लगेच येतं, की ती बातमी छापून आली नसती तर?

याउलट ब्लेंडर. चलच्चित्रं तयार करण्याचं हे सॉफ्टवेअर एका कंपनीचं होतं. २००२ साली ती कंपनी बुडाली. टोन रोझेंडाल या मूळ कर्त्याने गुंतवणूकदारांना विचारलं, हा मजकूर लोकांना मोकळा करायचे किती घ्याल? ठरलं १ लाख युरो. त्याने जगभर हाक दिली आणि सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर सर्वांचं झालं. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा 'फ्लो' याच फुकट साधनावर बनला.

ब्लेंडरला जमलं ते ओपनएसएसएलला का जमलं नाही? ब्लेंडरकडे आकडा होता, मुदत होती, आणि दिलं नाही तर काय गमावू हे डोळ्यांना दिसत होतं. ओपनएसएसएल दिसत नव्हतं. नीट चालतं तोवर ते कुणालाच दिसत नाही. माझ्या अशील संस्थांच्या वह्यांतही मला हेच दिसतं. देणगी येते ती उद्घाटनाला, संकटाला आणि निरोपसमारंभाला. मधल्या एखाद्या मंगळवारी कुणी चेक फाडत नाही. सॉफ्टवेअरचं आयुष्य मात्र जवळजवळ सगळं या मंगळवारांचंच असतं.

हे घरच्या उदाहरणावर पाहू. 'ॲप', 'ॲसिड', 'ॲरिस्टॉटल' यांतलं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरयादीत, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, स्वतंत्रपणे दाखल झालं. त्याआधी आपण ते जोडकाम करून लिहीत होतो: आधी अ, मग डोळ्यांना न दिसणारा एक जोडणारा कोड, मग वर चंद्र. अजूनही कित्येक जण तसंच लिहितात. छापल्यावर दोन्ही रूपं सारखी दिसतात. यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरं. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर साधासुधा शोध त्याला ओळखत नाही. वाचनालयाची सूची संगणकावर चढवताना एकाच ग्रीक तत्त्वज्ञाची पुस्तकं दोन ठिकाणी विखुरली, तर ग्रंथपालाला बोल लावू नका.

नोव्हेंबर २००९ मध्ये राज्य शासनाने प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला आणि ॲ, ऑ स्वरांत आले. छान झालं. पण निर्णय कागदावर आला तेव्हा काम संपलं नाही, सुरू झालं. प्रत्येक फॉन्टमध्ये ते अक्षर कुणीतरी काढायचं. प्रत्येक कळफलकावर त्याला जागा द्यायची. अकारविल्हे लावताना ते कुठे बसेल हे ठरवायचं आणि ते यंत्राला शिकवायचं. शुद्धलेखन तपासणाऱ्या कोशात जुनी-नवी दोन्ही रूपं सांभाळायची. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी. फॉन्टमध्ये ती असली तरी मजकूर मराठी आहे हे प्रणालीला कळल्याशिवाय उमटत नाहीत. 'वाऱ्यावर' आणि 'कऱ्हाड' यांतल्या अर्ध्या र-चं दुखणं तर प्रत्येकाने सोसलेलं आहे. आणि हे एकदा करून भागत नाही. फोनची प्रणाली बदलली, ब्राउझर बदलला, पीडीएफ करणारं साधन बदललं, की कुठेतरी काहीतरी निखळतं आणि ते परत बसवावं लागतं.

शुद्धलेखनाचंच घ्या. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्ये शब्द तपासतो तो हनस्पेल. तो एका हंगेरियन माणसाने हंगेरियन भाषेसाठी लिहिला, कारण त्या भाषेतही शब्दांना प्रत्ययांचे डबे लागत जातात. मराठीला तो उपयोगी पडला याचं कारण हेच. पण 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा एकच शब्द आहे हे त्याला पटवायचं तर प्रत्ययांचे नियम कुणीतरी बसून लिहावे लागतात. मला माहीत असलेल्या कुठल्याही देणगीदाराने आजवर प्रत्ययाच्या नियमावर आपलं नाव कोरून मागितलेलं नाही.

हे काम करणारी माणसं याच शहरात होती आणि आहेत. अक्षराचा धंदा आपल्याला नवा नाही. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये इथून हाकेच्या अंतरावर निर्णयसागर काढला, राणोजी आरूंनी कोरलेल्या अक्षरांनी त्या छापखान्याची कीर्ती झाली. छपाईच्या खिळ्यांना भाव होता, घेणारा रोख मोजत होता, त्यामुळे कोरणाऱ्याच्या घरात चूल पेटत होती. फॉन्टच्या काळात हा सरळ व्यवहार मोडला. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी मंगल हा फॉन्ट केला, त्याचे पैसे विंडोजच्या किमतीत होते. त्याच जोशींनी जुहूच्या एनसीएसटीत रघु हा फॉन्ट केला, तो सर्वांना मुक्त होता, आणि त्यामागे सरकारी संस्थेचा पगार होता. २००० च्या आसपास वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी मुंबईत इंडलिनक्स सुरू केलं. संगणकाचा अख्खा पडदा भारतीय भाषांत आणायचा ही जिद्द, तांत्रिक भार जी. करुणाकर यांच्यावर. माटुंग्याच्या व्हीजेटीआय महाविद्यालयात प्रा. जितेंद्र शहा आणि त्यांचा इंडिकट्रान्स हा गट होता. गार्गी हा मुक्त फॉन्ट त्यांच्याकडून आला. पुढे २००४ मध्ये रेड हॅट या कंपनीने लोहित फॉन्ट मोकळे केले. मुंबईच्याच एक टाइप या गटाचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट आज लग्नपत्रिकांपासून राजकीय फलकांपर्यंत दिसतात, तेही मुक्त परवान्याचे.

या सगळ्या कामांची यादी समोर ठेवून मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला: खर्च कुणाच्या वहीत? कुठे सरकारी प्रकल्पाच्या, कुठे महाविद्यालयाच्या, कुठे परदेशी कंपनीच्या. उरलेला सगळा एकेका माणसाच्या रात्रींच्या खात्यात. मराठी वापरणाऱ्या माणसाच्या वर्गणीतून उभं राहिलेलं ठळक असं काही मला त्यात आढळलं नाही. प्रकल्पाची मुदत संपते, कंपनीचं लक्ष दुसरीकडे जातं, तरुणाला मूल होतं आणि रात्री झोप हवीशी वाटते. बंद पडलेल्या कामाची बातमीही होत नाही. इतकंच होतं की नव्या संगणकावर ते बसत नाही.

सामान्य वाचकांच्या देणग्यांवर उभी असलेली एक गोष्ट मराठीत आहे, मराठी विकिपीडिया. १ मे २००३ पासून ती चालू आहे, आणि तिच्याखालचं मीडियाविकी हे सॉफ्टवेअर व सर्व्हर जगभरच्या लाखो लहान देणग्यांतून चालतात. पण ती पेटी जगाची आहे. आपण तिच्यात वाटेकरी आहोत. तिच्या किल्ल्या आपल्याकडे नाहीत.

आता तुम्हाला वाटत असेल, गिरगावातला माणूस बोलतोय, तेव्हा पुढे गणेशोत्सव, केशवजी नाईकांची चाळ, १८९३ आणि लालबागचा राजा येणारच. येतील, पण कायद्याच्या कलमापुरते. मला लालबाग-परळमधली दुसरीच गोष्ट जास्त जवळची वाटते: गावकऱ्यांची खोली.

रत्नागिरीच्या किंवा घाटावरच्या एखाद्या गावातली माणसं गिरणीत कामाला आली की चाळीत एक खोली घेत. खोली एकाच्या नावावर, राहणारे वीस-तीस. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून झोपायला जागा पुरायची. प्रत्येकाची एक ट्रंक. दरमहा पैसे काढायचे. भाडं, दिवाबत्ती, दुरुस्ती त्यातूनच. गावाहून नवा पोरगा आला तर नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडे कुणी मागत नसे. आणि ज्याचं बस्तान बसलं, ज्याने डोंबिवलीला घर केलं, तो खोलीत राहत नसला तरी पैसे देत राही. त्याचा पुतण्या तिथे उतरणार होता, आणि वही गावच्या मंडळाकडे होती, तिच्यात नाव कोरं दिसलं असतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्याच गेल्या, तरी अशा काही खोल्या कितीतरी वर्षं टिकल्या. एखाद्या दानशूराने घेऊन दिलेली खोली मोरीचा नळ गळायला लागला की त्याच्याकडे बोट दाखवते. वर्गणीच्या खोलीत नळ कुणी बदलायचा हा प्रश्न आधीच मिटलेला असतो.

मुक्त सॉफ्टवेअरला हवे आहेत ते हे पैसे. थोडे, पण दर महिन्याला. आणि त्यावर कमावणाऱ्याने जास्त. मराठी वर्तमानपत्रं, प्रकाशक, क्लासवाले, जाहिरातवाले मुक्त फॉन्टवर धंदा करतात. तो त्यांचा हक्क आहे, परवान्यातच लिहिलेला आहे. पण डोंबिवलीला घर झाल्यावरही पैसे देणाऱ्या त्या माणसाची आठवण त्यांना कुणी करून दिलेली नाही.

थंडरबर्ड या ईमेलच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण मी अशिलांना नेहमी देतो. २०२२ साली त्याला सुमारे ६४ लाख डॉलर मिळाले, जवळजवळ सगळे वापरणाऱ्यांच्या देणग्यांतून. त्यांनी दोन गोष्टी केल्या. सॉफ्टवेअर उघडल्यावर समोरच साध्या शब्दांत मागितलं. आणि वर्षअखेर हिशोब छापला. त्यात खर्चाचा सुमारे ८० टक्के भाग माणसांच्या पगाराचा होता. आपल्याकडे एखाद्या ट्रस्टने असा ताळेबंद मांडला तर सभेत कुणीतरी उठून विचारेल, 'पगारावरच एवढा? मग काम कशावर केलंत?' अहो, हेच काम आहे. सॉफ्टवेअरला सिमेंट लागत नाही.

पैसे वाटण्याची गोष्ट मात्र नाजूक आहे आणि तिथे हात भाजलेले आहेत. डेबियन ही लिनक्सच्या सर्वांत जुन्या आवृत्त्यांपैकी एक, पूर्णपणे स्वयंसेवकांची. २००६ मध्ये त्यांच्यातल्याच काहींनी ठरवलं की पुढची आवृत्ती डिसेंबरात वेळेवर यावी म्हणून दोन व्यवस्थापकांना देणगीतून मानधन द्यावं. बाकीच्यांची मनं दुखावली. आम्ही वर्षानुवर्षं फुकट करतो त्यातलंच काम यांनी पैसे घेऊन करायचं? काहींनी हात आखडता घेतला. आवृत्ती आली ती एप्रिल २००७ मध्ये. आपल्या संस्थांत राहिलेल्या कुणालाही या गोष्टीचं आश्चर्य वाटू नये. मानधन कुणाला, किती, कोणत्या कामाचं आणि ते ठरवलं कुणी, हे आधी लिहून जाहीर केलेलं नसेल तर देणगी न आलेली बरी.

आणि पैसा सगळं करतो असंही नाही. २०२४ च्या मार्चअखेरीस एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं चोरदार सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर प्रवेश करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि तो मागे लागला, म्हणून ते उघडकीस आलं. सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस एकटा होता, थकलेला होता, आपल्या मनाची स्थिती बरी नसल्याचं त्याने लोकांना कळवलं होतं. अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला, की तुला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती दे. मदतीला आलेल्या एका 'सज्जना'ने दोन-अडीच वर्षं निमूट काम करून विश्वास मिळवला आणि मग दार बसवलं. त्या एकट्या माणसाला मनीऑर्डर पाठवून हे टळलं नसतं. त्याला ओळखीचा, भरवशाचा दुसरा माणूस हवा होता. म्हणून मी म्हणतो, निधी पहिल्या माणसासाठी जमवा, पण पहिला खर्च दुसऱ्या माणसावर करा.

आता कायदा. हा भाग थोडा रुक्ष आहे, पण घोडं इथेच अडलेलं आहे.

समजा दादरमधल्या चार मुलांनी मराठी शुद्धलेखन तपासणीचं मुक्त सॉफ्टवेअर केलं आणि देणग्या मागायच्या ठरवल्या. पैसे घेणार कोणत्या खात्यात? एकाच्या वैयक्तिक खात्यात घेतले तर ते त्याचं उत्पन्न ठरण्याची भीती, आणि उद्या तो कॅनडाला गेला की खातंही गेलं. परदेशातल्या मराठी माणसाला द्यायचं असेल तर त्यासाठी परदेशी देणग्यांचा कायदा आहे. संस्थेला तशी नोंदणी हवी. ती मिळवायची तर सर्वसाधारणपणे तीन वर्षं अस्तित्व आणि त्या काळात किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यायला हवा. चार मुलांना हे झेपणार नाही. उलट इथून बाहेर पाठवायचं तर १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या रकमांचे नियम कडक झाले, आणि परदेशी प्रकल्पांना दरमहा जाणारे इथले कितीतरी लहान हप्ते थांबले.

देशातल्या देशात मात्र रस्ता आज आहे तेवढा सोपा कधीच नव्हता. यूपीआयने ५० रुपये पाठवायला पाठवणाऱ्याला काही पडत नाही, आणि २०२० पासून त्यावर दरमहा आपोआप रक्कम जाण्याची सोयही आहे. १,००० माणसांनी महिन्याला ५० रुपये दिले तर वर्षाचे ६ लाख होतात. यात कुणी गब्बर होणार नाही. पण एक अनुभवी माणूस अर्धवेळ आणि एक शिकाऊ त्याच्या हाताखाली, एवढं बसतं. बंगळुरूच्या झिरोधा या दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. त्यातून एका प्रकल्पाला १०,००० ते १ लाख डॉलर मिळू शकतात. मागण्याची रीत अशी, की प्रकल्पाने आपली गरज एका ठरावीक नमुन्याच्या फाइलमध्ये लिहून उघड्यावर ठेवायची. मला ही रीत आवडली. आमच्याकडे याला अंदाजपत्रक म्हणतात. पण एवढ्या मोठ्या दात्यावर एकट्यावर उभं राहू नये, हे सांगायला मला गावकऱ्यांच्या खोलीत परत जावं लागू नये.

राहिला खात्याचा प्रश्न. डेबियनने तो १९९७ मध्येच सोडवला. प्रकल्प स्वतः कुठेही नोंदलेला नाही. सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट नावाची एक संस्था त्याचे पैसे आपल्याकडे वेगळ्या खाती ठेवते आणि प्रकल्प सांगेल तसे खर्च करते. अशा यजमान संस्थाही अमर नसतात. अमेरिकेतल्या ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने २०२४ च्या सुरुवातीला बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि शेकडो गटांना वर्षाअखेर नवं घर शोधावं लागलं. म्हणून यजमान असा हवा ज्याला टिकण्याचा सराव आहे.

असा सराव कुणाला आहे? गिरगाव ते परळ या पट्ट्यात नजर टाका. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा. त्यांच्याशिवाय गल्लोगल्ली वाचनालयं, शिक्षणसंस्था, व्याख्यानमाला चालवणारे ट्रस्ट. वरळीच्या धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, पुष्कळांकडे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता आहे, दर वर्षी हिशोब तपासला जातो, सर्वसाधारण सभा होते आणि सभेत भांडायला माणसं येतात, हे सर्वांत महत्त्वाचं. भाषेचा प्रसार हा उद्देश संस्थेच्या घटनेत आधीच लिहिलेला आहे. पुस्तक विकत घेऊन वाचकाच्या हाती देणं हे ज्या संस्थेचं काम, तिने फॉन्ट आणि शब्दकोश सांभाळून लिहिणाऱ्याच्या हाती द्यावा, यात घटनेचा भंग होत नाही असं माझं व्यावसायिक मत आहे. काटेकोरपणाच हवा असेल तर घटनेत दुरुस्ती करून आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करा. वेळ लागेल, पण अडणार नाही. नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळांनासुद्धा वर्गणी गोळा करायला धर्मादाय संस्थांच्याच कायद्याच्या ४१सी कलमाखाली तात्पुरती परवानगी मिळते. दहा दिवसांच्या कामाला जिथे रीतसर दार आहे, तिथे बारमाही कामाला ते नसावं असं कोण म्हणेल?

दोन आक्षेप मला येताना जिन्यातच ऐकायला मिळाले. पहिला, हे सरकारने करायला हवं. करावं की. पण सरकारचं प्रकल्पाचं पत्र मुदतीचं असतं, आणि मी मघाशी सांगितलेले मंगळवार मुदतीनंतरच सुरू होतात. दुसरा आक्षेप असा, की आमच्याच संस्थेची सभासद वर्गणी थकलेली असते, त्यात हे नवं लचांड कशाला? हा आक्षेप खरा आहे. ग्रंथालयांचे सभासद कमी होतायत, तहहयात सभासदांच्या कायम निधीवर व्याज घटलंय, मला आकडे पाठ आहेत. पण तुमच्याकडे न येणारा पंचविशीतला मुलगा दिवसभर फोनवर मराठी लिहितो, आणि त्या लिहिण्यात त्याला रोज काहीतरी टोचतं. ते टोचणं कमी करणाऱ्या कामाची पावती तुमच्या संस्थेच्या नावाने त्याला मिळाली, तर निदान संस्थेचं नाव तरी त्याला कळेल. तो सभासद होईल असं आश्वासन मी देत नाही.

या व्याख्यानमालेच्या विश्वस्तांशी माझं बोलणं झालं आहे. येत्या वार्षिक सभेपुढे ठेवायचा एका परिच्छेदाचा ठराव मी लिहून कार्यवाहांकडे दिला आहे: मराठी लेखनसाधनांच्या देखभालीसाठी स्वतंत्र निधी, त्यातून होणाऱ्या कामाचा मजकूर मुक्त परवान्याखाली, मानधनाचे दर आधी जाहीर, आणि दर तिमाहीचा हिशोब फलकावर. ताळेबंदाच्या ठरलेल्या नमुन्यात, शेड्यूल आठमध्ये, कायम निधीच्या खाली विशिष्ट कारणासाठी राखलेल्या इतर निधींचा रकाना असतो. बहुतेक संस्थांच्या ताळेबंदात मी तिथे वर्षानुवर्षं आडवी रेघ पाहत आलो आहे. ठरावाच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. पावतीपुस्तक आज आणलेलं नाही. ठराव मंजूर होण्याआधी पैसे घेता येत नाहीत. तोवर प्रश्न असतील तर विचारा.